नेलीच्या पेट्या

गाडी दिसायच्या आधीच नेलीच्या टेबलावरच्या टाचण्या थरथरायला लागायच्या. मग खिडकीची काच वाजायची. आणि मग सारसामोरा रस्त्याच्या कोपऱ्यावरून ती गाडी वळायची, जमिनीला टेकायला आलेली, धुऊनपुसून लखलखीत, डिकीतून धाडधाड आवाज करत. चेंचोमामा हातातली कात्री खाली ठेवून कपाळाला हात लावायचे.

"आले बघ. चर्चच्या घंटेलासुद्धा एवढा माज नाही."

नेली शिवणयंत्रावरून मान वर न करता म्हणायची, "मामा, आवाज मोठा आहे म्हणून त्रास नाही होत. पेटी सैल आहे. ऐका ना, शेवटी कशी खरखरतेय."

सॅन अँटोनियोच्या पश्चिमेकडच्या वस्तीत मामांचं गाड्यांच्या सीटा शिवायचं दुकान होतं. नेलीच्या आईनं शाळा संपल्यावर भावाला सांगितलं होतं, पोरीला जरा तात्पुरती बसव तुझ्याकडे. तात्पुरती बसवलेली पोरगी तिथंच तिशीला आली. रेक्झीन, फोम, दुहेरी शिलाई, सगळं तिच्या बोटांत उतरलं होतं. शिवाय वस्तीतली पोरं डिकीत बसवायच्या सबवूफरच्या, म्हणजे खर्जाच्या मोठ्या स्पीकरच्या, पेट्या तिच्याकडे आणायची, कार्पेट चढवून घ्यायला. पेट्या बांधायचे दुसरेच, नेलीनं फक्त त्यांना अंगरखा शिवायचा. गोंदाचे ओघळ, वाकडे खिळे, सांध्यांतल्या फटी सगळ्यांत आधी तिच्याच हाताला लागायच्या, आणि ते झाकून टाकायचं काम तिचं. याची तिला लाज वाटायची.

एकदा मामांचा मुलगा चेके अशीच एक पेटी खांद्यावर टाकून आला. नेलीनं तिच्या कडेवरून बोट फिरवलं.

"ही पेटी आहे का संत्र्यांचं खोकं?"

"मग तू बांध की! बोलायला काय जातंय?"

"बांधीनच."

"तू पेट्या बांधायला लागलीस तर आम्ही काय भरतकाम करायचं?"

"आधी सुईत दोरा ओवून दाखव. भरतकामाचं मग बघू."

मामा हसले आणि तिथंच नेलीचं ठरलं. पहिली पेटी चेकेच्याच गाडीसाठी.

तिनं डिकी आतून मापली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. शिवणारी बाई, मापाला पक्की. पाऊण इंची एमडीएफच्या फळ्या कापून आणल्या आणि दुकानामागच्या अंगणात जोडायला घेतल्या. आधी बारीक भोक पाडायचं असतं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिनं फळीच्या कडेत सरळ स्क्रू पिळला आणि कड पुस्तकाची पानं उलगडावीत तशी उलगडली. नवी फळी आली. पेटी उभी राहिली आणि दिसायला इतकी देखणी झाली की मामांनी तिच्यावरून हात फिरवला.

रविवारी सकाळी बार्बाकोआचं शिजवलेलं मांस घेऊन परतणारे शेजारी हातातल्या पुड्यांसकट फाटकाशी थांबले. चेके आणि त्याचा मित्र पेटी उचलून डिकीपाशी गेले. सरळ धरली, जाईना. आडवी केली, जाईना. तिरकी केली, तर एक कोपरा आत आणि बाकीची पेटी बाहेर.

नेलीनं डिकी मापली होती, डिकीचं तोंड मापलंच नव्हतं.

"मागची सीट काढून बघा," कुणीतरी म्हणालं. सीट काढली. तरी जाईना.

"गाडीच पेटीत घाल, चेके!" फाटकावरून आवाज आला, आणि अख्खा रस्ता हसला.

नेलीचे कान लाल झाले. पण ती आत पळाली नाही. करवत आणली आणि सगळ्यांच्या देखत ती देखणी पेटी मधोमध कापली. दोन तुकडे आत सरकवले, स्वतः डिकीत शिरून गुडघे पोटाशी घेतले आणि आतच ते पुन्हा जोडले. बाहेर आली तेव्हा केसांत भुसा आणि कोपराला गोंद. चेकेनं गाणं लावलं. आवाज आला तो बादलीत कुत्रं भुंकावं तसा.

"छान," चेके म्हणाला. "आता याला हाडूक कोण टाकणार?"

पोरं पांगली, पण नेली डिकीपाशीच बसून राहिली. हवा कुठून तरी पळतेय एवढं तिला कळत होतं, पण कुठून ते दिसत नव्हतं. शेवटी तिनं मामीच्या देव्हाऱ्यातली मेणबत्ती आणली. एक लांब, खर्जातला सूर लावून ठेवला आणि ज्योत सांध्यांवरून हळूहळू फिरवली. बराच वेळ ज्योत शांत होती. मग मागच्या कोपऱ्यात ती एकदम फडफडली. पुढं आणखी एका जागी. जिथं जिथं ज्योत नाचली तिथं तिनं खडूची फुली मारली आणि बोटानं गोंद भरला. गोंद सुकल्यावर चेकेनं गाणं पुन्हा लावलं आणि थट्टा न करता नुसतं म्हणाला, "आता ठीक आहे." चेकेच्या तोंडून ठीक म्हणजे पुष्कळ झालं.

त्यानंतर कामं यायला लागली आणि कामांबरोबर चुकाही. एकदा फळ्यांची जाडी वजा करायची राहिली, एकदा आत बसणाऱ्या स्पीकरनं खाल्लेली जागा. दोन्ही वेळा पेटी आतून लहान झाली आणि आवाज गळा दाबल्यासारखा आला. दोन्ही पेट्या तिनं स्वतःहून परत घेतल्या आणि नव्या बांधून दिल्या. मामी कुरकुरली, "फुकट वाटत सुटलीये." मामा म्हणाले, "शिवण उसवली तर आपण परत शिवून देतोच ना? मग?"

पण नेलीला खरा धडा मिळाला तो बाल्देरासकाकांकडून. काका उभा जन्म शहरातली बस चालवून निवृत्त झाले होते. हॅट डोक्यावरून उतरायची नाही आणि बोलणं बसच्या थांब्यांसारखं, मोजकं. त्यांनी आपल्या जुन्या गाडीसाठी पेटी सांगितली, आणि नेलीनं तोवर हात बसलेली, पोरांना आवडणारी पेटी बांधून दिली. हवेला बाहेर पडायला एक रुंद वाट, त्यातून छातीवर आदळणारा धमाका. तिच्या मते आजवरची सगळ्यात चांगली पेटी.

काका आठवड्यानं परत आले. रागावलेले नव्हते. हॅट नीट करत म्हणाले, "पोरी, माझ्या गाण्यातला एक माणूस गेलाय."

"म्हणजे?"

"ये, बस गाडीत."

नेली बसली. काकांनी कॅसेट घातली. अ‍ॅकॉर्डियन, तिच्या मागं गिटारीसारखा, बारा तारांचा बाहो सेक्स्तो, आणि खाली बास. निदान काकांच्या म्हणण्याप्रमाणं खाली बास होता. नेलीला ऐकू येत होतं ते एकच, हूम्म, हूम्म, हूम्म. सूर बदलला तरी हूम्मच.

"हा बास वाजवणारा माझा मावसभाऊ," काका म्हणाले. "असा नव्हता वाजवत. त्याची बोटं चालायची. तू त्याच्या जागी म्हैस बसवलीस."

नेलीला हसूही आलं आणि वाईटही वाटलं. काका पेटी परत करायला आलेच नव्हते, भावाबद्दल सांगायला आले होते. दुपारभर दोघं त्या गाडीत बसली. काका एकेक कॅसेट काढायचे, गाणं मध्येच थांबवायचे आणि विचारायचे, "आता काय केलं त्यानं? वर गेला का खाली?" सुरुवातीला नेलीला सांगता येईना. संध्याकाळपर्यंत यायला लागलं. घरी जाताना तिला कळलं की इतके दिवस आपण नुसता धक्का मोजत होतो, गाणं ऐकतच नव्हतो.

तिनं काकांसाठी नवी पेटी बांधली. लहान, चारी बाजूंनी बंद, हवेला वाटच नाही. धमाका निम्मा झाला, पण बास वाजवणाऱ्याची बोटं एकेक करून ऐकू यायला लागली. काकांनी पहिलं गाणं पूर्ण ऐकलं, हॅट काढून मांडीवर ठेवली आणि दुसरं लावलं. 'कसं आहे' हे विचारायची नेलीला हिंमत झाली नाही, आणि काकांनीही सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून गिऱ्हाईक आलं की नेली गाडीकडे बघायच्याही आधी विचारायची, "तुम्ही ऐकता काय?"

आता तिचं नाव झालं होतं. लांबलांबच्या वस्त्यांतून गाड्या यायच्या. मामांनी दुकानाची अर्धी जागा तिला दिली. आणि नाव झालं की माणूस जिथं सैल पडतो, तिथंच नेली सैल पडली.

ग्रासिएला शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची. सुट्टीच्या दिवशी ती आणि तिची आई एर्मिनियाबाई लग्नाकार्यांना मक्याच्या पानांत वाफवलेले तामालेस पुरवायच्या. गाडी लांबलचक, सीटमागची जागा मध्ये आडोसा नसलेली, आणि तिथं मोठमोठी पातेली. ग्रासिएला म्हणाली, "पेटी पाहिजे, पण काढता आली पाहिजे. पातेल्यांना जागा लागते." नेलीनं पेटी नुसती ठेवून दिली. खाली कार्पेटला धरणारी एक चिकटपट्टी लावली, बस्स. ग्रासिएलानं विचारलंही होतं, "हलणार नाही ना गं?" नेली हसून म्हणाली होती, "एवढी जड वस्तू कुठं जातेय?"

मोठ्या रस्त्यावर पुढच्या ट्रकनं अचानक ब्रेक मारला तेव्हा ग्रासिएलानंही मारला. गाडी थांबली. पेटी थांबली नाही. ती पट्टी सोडून सुटली आणि मागच्या सीटच्या पाठीवर आदळली. त्या सीटवर एर्मिनियाबाई बसल्या होत्या. त्यांच्या गळपट्टीचं हाड मोडलं.

बातमी चेकेनं आणली. नेली तेव्हा एका पेटीला कार्पेट चढवत होती. तिनं ते काम तसंच सोडलं, हात धुतले आणि मामांना म्हणाली, "मी जाऊन येते."

"मी येतो बरोबर."

"नको मामा. बांधली मी, जाणारही मीच."

दार ग्रासिएलानं उघडलं. डोळे सुजलेले. "आलीस? तोंड दाखवायला आलीस? 'कुठं जातेय' म्हणाली होतीस ना? बघ ये, कुठं गेली ती!"

नेलीनं सबब सांगितली नाही. "बोल्ट लावायला हवे होते. मला सुचायला हवं होतं. चूक माझीच आहे."

आतून एर्मिनियाबाईंचा आवाज आला, "कोण आहे? आत येऊ दे तिला."

बाई गळ्यातल्या झोळीत हात अडकवून खुर्चीत बसल्या होत्या. त्यांनी नेलीला समोर बसवलं. नेलीला वाटलं आता शिव्या बसतील, आणि तिला त्या हव्याही होत्या.

"रडू नकोस," बाई म्हणाल्या. "रडलीस तर मला तुझी समजूत घालावी लागेल, आणि माझा खांदा दुखतोय. एक सांग. अशा बिनबोल्टाच्या पेट्या आणखी किती गाड्यांत आहेत?"

नेलीनं मनातल्या मनात एकेक गाडी आठवली. डिकीतल्या पेट्यांपुढं निदान पत्रा तरी होता, पण घट्ट बसवलेली एकही नव्हती. एकही नाही.

"सगळ्यांत," ती म्हणाली.

"मग माझ्यासमोर काय बसलीयेस? जा."

नेलीनं नवी कामं बंद केली. चेके म्हणाला, "वेड लागलंय का? लोकांना कळलं तर कुणी येईल का परत?" नेली म्हणाली, "न येवोत." मामांनी दोन्ही ऐकून घेतलं, भिंतीवरची ड्रिल काढली आणि तिच्या हातात दिली. "सीटा थांबतील," एवढंच म्हणाले.

मग त्या दोघांचा फेरा सुरू झाला. जिथं जिथं पेटी दिली होती तिथं तिथं जायचं, दार वाजवायचं आणि सांगायचं, "मी चुकीची बसवली होती, नीट करून द्यायला आलेय." कुणी कॉफी दिली, कुणी दारातूनच वाटेला लावलं, कुणी म्हणालं, "आम्हाला तर काही झालं नाही, बाई." तरी ती हटायची नाही. मामा, साठी ओलांडलेला माणूस, रस्त्यावर पुठ्ठा अंथरून गाडीखाली शिरायचे आणि आधी बघायचे की पेट्रोलची टाकी कुठंय, ब्रेकची नळी कुठून गेलीय. त्यांनी खालून "हां, इथं पाड" म्हटल्याशिवाय नेली वरून भोक पाडायची नाही. एका बोळात गाडीखाली असताना मामांच्या बुटाशी कुत्रं झोंबलं. मामा खालून ओरडले, "नेली, ही पण तुझीच पेटी का गं? भुंकतेय!" इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा हसली.

हळूहळू सगळ्या गाड्या झाल्या. एक सोडून. तो एक पिवळसर ट्रक मालकानं जुन्या बाजारात विकला होता, घेणारा दक्षिणेला सीमेवरच्या लारेदो शहरातला कुणी एउसेबियो, यापलीकडं पत्ता नाही. चेके म्हणाला, "एकच तर राहिलाय. सोड आता." नेलीनं सोडलं नाही. भल्या सकाळी ती दक्षिणेला निघाली, लारेदोत पोचली, टायरवाल्यांना विचारलं, पेट्रोलपंपांवर विचारलं, चर्चच्या पायऱ्यांवर बसलेल्या म्हाताऱ्यांना विचारलं. उन्हानं डोकं भणभणायला लागलं तेव्हा एका टायरवाल्यानं हात केला, "तो काय, नदीकडच्या गल्लीत."

ट्रक अंगणात उभा होता. एउसेबियो चाळिशीचा, ढेरी सुटलेला, बनियनवर बाहेर आला. नेलीनं सगळं सांगितलं. तो संशयानं तिच्याकडे आणि ड्रिलकडे बघत राहिला.

"म्हणजे तू सॅन अँटोनियोहून आलीस, माझ्या ट्रकमध्ये भोकं पाडायला."

"हो."

"फुकट."

"हो."

"आणि ती पेटी कुणाच्या तरी अंगावर पडेल म्हणून."

"सीटमागं आहे ना ती? पाठीवरच बसेल."

एउसेबियोनं डोकं खाजवलं. "ये इकडे."

घरामागं लिंबाच्या झाडाखाली तिची पेटी होती. स्पीकर काढलेला, वर पत्र्याचं छप्पर घातलेलं. स्पीकरच्या गोल भोकातून एक लाल कोंबडी मान बाहेर काढून, कुणी झोपमोड केली म्हणून रागानं बघत होती.

"मला गाणीबिणी नको होती," एउसेबियो म्हणाला. "पण पेटी मजबूत आहे हां. पावसाचा थेंब आत जात नाही. हिला बाकी कुठं अंडं घालायलाच आवडत नाही."

नेली जमिनीवर बसली. आधी हसली, मग हसता हसता रडायला लागली, मग पुन्हा हसायला लागली. कोंबडी घाबरून आत गेली. एउसेबियोच्या बायकोनं पाणी आणलं आणि नवऱ्याला दटावलं, "काय बोललास तिला?"

"मी? मी तर पेटीची स्तुती केली!"

निघताना त्यांनी तिच्याबरोबर अंडी दिली. नेली ती घेऊन एर्मिनियाबाईंकडे गेली. बाईंचा खांदा तोवर बरा होत आला होता. त्यांनी एकेक अंडं उजेडात धरून बघितलं आणि ग्रासिएलाला म्हणाल्या, "तवा ठेव." ग्रासिएला नेलीशी अजून नीट बोलत नव्हती. पण तिनं ताटं मांडली ती तीन मांडली.

लोक येणार नाहीत असं चेके म्हणाला होता, झालं उलटंच. नेली आरेदोंदो स्वतःची चूक सांगायला दारोदार फिरली, ही गोष्ट तिच्या पेट्यांपेक्षा लांब पोचली. इतर दुकानांतले पेट्या बांधणारे विचारायला यायचे. ती कुणाला लपवून ठेवायची नाही. आधी आपल्या चुका सांगायची, तोंड न मापल्यापासून म्हशीपर्यंत, आणि हाडाची चूक सगळ्यात शेवटी, हसू थांबल्यावर. मग पेटी कशी बोल्टानं बसवायची ते स्वतः गाडीखाली शिरून दाखवायची. मामा खुर्चीत बसून सांगायचे, "आधी टाकी बघ, आधी टाकी!" आणि समोरचा हो म्हणेपर्यंत सोडायचे नाहीत.

पुढच्या वसंतात, शहरातल्या दरवर्षीच्या सणाच्या मिरवणुका संपल्यावर, पिवळसर ट्रक दुकानासमोर येऊन थांबला. एउसेबियो इस्त्रीचा शर्ट घालून उतरला, बरोबर बायको.

"हिला आता गाणी पाहिजेत," तो म्हणाला. "परसातली पेटी परत मागायची सोय नाही, तिथं आता पिल्लं आहेत. नवी बांध."

"तुम्ही ऐकता काय?" नेलीनं विचारलं.

"मी बेसबॉलची कॉमेंट्री."

"तुम्हाला नाही विचारलं," नेली म्हणाली आणि त्याच्या बायकोकडे वळली. "वहिनी, तुम्ही सांगा."

वहिनींनी पर्समधून कॅसेट काढली. नेलीनं ट्रकचं दार उघडलं, त्यांना पुढं बसवलं, स्वतः शेजारी बसली आणि काच वर केली. एउसेबियो बाहेर उन्हात उभा राहिला. मामांनी त्याच्यासाठी खुर्ची आणली आणि म्हणाले, "बसा. वेळ लागेल."